पॉलिशचे हात

पॉलिशवाल्याला सगळी गल्ली 'बदक' म्हणायची. हे नाव त्याच्या सख्ख्या मोठ्या बहिणीनं पाडलं, आणि का पाडलं ते पुढे येईलच. पण आधी माणूस कसा होता ते सांगितलं पाहिजे. नाहीतर तुम्ही त्याला नुसता एक आजारी माणूस समजून बसाल, आणि ते त्याच्या बायकोला मुळीच खपायचं नाही.

उंच गडी, पाठीत जरासा वाकलेला, मिशीला कायम स्पिरिटचा वास. जुन्या लाकडी सामानाला लाखेचं पॉलिश करायचं, हा त्याचा धंदा. लाखदाणा स्पिरिटमध्ये भिजत घालायचा, विरघळला की गाळून घ्यायचा आणि कापडाच्या बोळ्यानं लाकडावर हात द्यायचा. एक थर म्हणजे एक हात. नवीन गिऱ्हाईक घाईवर आलं की हा शांतपणे म्हणायचा, "अजून पाच हात द्यायचेत, साहेब." गिऱ्हाईक त्याच्या दोन हातांकडे बघत राहायचं. हा विनोद त्यानं आयुष्यभर वापरला आणि दर वेळी स्वतःच आधी हसला.

बायको खुर्च्यांच्या बैठका विणायची. तिला लोक वेतवाली म्हणायचे. घराची पुढची खोली हेच दोघांचं दुकान. खिडकीच्या एका अंगाला त्याच्या बाटल्या आणि बोळे, दुसऱ्या अंगाला तिच्या वेताच्या पट्ट्या. मोडकी खुर्ची आली की आधी तिच्याकडे जायची की त्याच्याकडे, यावरून रोज वाद. ती म्हणायची, "आधी विणू दे, मग तुम्ही काय ते फासा." तो म्हणायचा, "फासायला मी काय भिंत रंगवतोय?" वेत मऊ पडावा म्हणून तिला तो पाण्यात भिजवावा लागे, त्यामुळे न्हाणीघरात तिचा एक पसरट टब कायम भरलेला असायचा. त्या टबाला अडखळल्याशिवाय या घरात कुणाची आंघोळ झाली नाही.

एकदा एका मोठ्या घराच्या दाराला पॉलिश करताना तो शिडीवरून पडला आणि पाठ धरली. उठता येईना, बसता येईना. तेव्हा त्याचा दोस्त सुतार एक पुडी घेऊन आला. "घे, पाला आहे. औषध आहे रे, माझी पाठ यानंच सुटली." पाला कसला ते तिघांनाही ठाऊक होतं. गांजाच होता तो. पण घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. सुतार पाला म्हणाला, मग ते दोघंही पालाच म्हणू लागले, आणि पाला म्हटल्यावर त्यात घाबरण्यासारखं काही उरलंच नाही.

पहिल्या संध्याकाळी त्यानं तो कागदात गुंडाळायचा प्रयत्न केला, तेव्हाची गंमत ती कितीतरी वर्षं सांगत होती. लाखेनं भरलेली बोटं ती. स्पिरिटनं धुतली तरी नखांच्या कडेला चिकटा राहायचाच. पातळ कागद अंगठ्याला चिकटला, तो सोडवायला गेला तर तर्जनीला चिकटला. त्यानं हात झटकला, अर्धा पाला जमिनीवर. ती हसून हसून बेजार. शेवटी तिनंच कागद घेतला. वेत वळणारी बोटं तिची! एका फिरकीत अशी काही नीट सुरळी झाली की सुतार म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर आमच्याही पुढे!" तिनं स्वतः कधी एक झुरका घेतला नाही. पण त्या दिवसापासून ते काम तिचं झालं.

पाठ बरी झाली. पाला राहिला.

खरं सांगायचं तर ती वेळ तिला आवडायची. दिवसभर हा माणूस लाकडाशी बोलायचा, माणसांशी नाही. पण संध्याकाळी मागच्या पायरीवर दोघं बसले, तिनं वळून दिलं आणि त्यानं दोन झुरके ओढले, की त्याची जीभ सुटायची. कुठल्या टेबलाला आत कसली रेघ निघाली, कुठल्या कपाटाच्या खणात कुणाची जुनी बटणं सापडली, सगळं सांगायचा. ती ऐकत बसायची. ज्या बाईचा नवरा दिवसभर मुका असतो तिला संध्याकाळच्या गप्पांची किंमत काय सांगायची!

हळूहळू संध्याकाळचं दुपारीही लागायला लागलं, मग सकाळी डोळे उघडल्या उघडल्या. उठला की आधी खोकला, तोही असा की वरच्या मजल्यावर अक्काची झोप मोडायची. अक्का म्हणजे ती मोठी बहीण. विधवा, एकटी, आणि तोंडाचा पट्टा असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा तिला वाट द्यायची. पुढे पुढे तो विसरायलाही लागला. एकदा एका खुर्चीच्या तीन पायांना चार हात दिले आणि चौथा पाय कोराच ठेवला. दोघं त्यावर पोटभर हसले. "वय झालं हो तुमचं," ती म्हणाली. वय काही फार नव्हतं झालेलं.

मग एका सकाळी त्याला उलटी झाली.

काहीतरी बाधलं असेल, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण ती थांबेना. पोटात पाण्याचा घोट राहीना. तीन-चार दिवस हे चाललं आणि मग जसं आलं तसं गेलं. महिनाभर बरा. पुन्हा तेच. पुन्हा बरा. अक्का जिन्यातूनच निदान करायची, "पित्त आहे पित्त! आमच्या बाबांनाही होतं!" जवळच्या डॉक्टरांकडे गेले. ते घरीही येऊन गेले, पुढच्या खोलीत पाय टाकला आणि नाकाला रुमाल लावला. "या वासात राहता तुम्ही? दुसरं काय कारण असणार?" बरोबरच वाटलं सगळ्यांना. स्पिरिटचा भपकारा तर होताच. वेतवालीलाही पटलं. आपण आंधळे होतो की काय, असं वाटून तिनं त्याच संध्याकाळी बाटल्या बांधल्या आणि सुताराकडे पोचत्या केल्या.

तो रिकाम्या कोपऱ्याकडे बघत उभा राहिला आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं लग्न झाल्यापासून त्याला रडताना पाहिलं नव्हतं. "काय मेलंय का कोणी," असं म्हणून तो मागच्या पायरीवर जाऊन बसला. तिला फार वाईट वाटलं. मग तिनं काय करावं? जे नेहमी करायची तेच केलं. वळून दिलं.

आता दिवसभर काम नाही, तेव्हा पाला जास्त लागायला लागला. आणि त्यात चूक तरी काय दिसणार होती? पोटात कालवायला लागलं की दोन झुरक्यांनी त्याला जरा थंड वाटायचं. तो म्हणायचा, "हा आहे म्हणून तगलोय." ती दुप्पट काळजीनं वळायची, देठ-बीज वेचून टाकून.

दुसरा आराम होता गरम पाण्याचा. उलट्या सुरू झाल्या की तो न्हाणीघरात शिरायचा, तिचा वेताचा टब बाहेर ढकलायचा आणि कढत पाण्याच्या धारेखाली बसून राहायचा. तिथे मात्र उलटी थांबायची. बाहेर आला की पुन्हा सुरू, की पुन्हा आत. घरात आणि वर अक्काकडे गरम पाणी एकाच टाकीतून यायचं. अक्काच्या अंगावर ऐन साबणात गार पाणी पडलं की जिन्यातून हाक यायची, "अरे ए! माणूस आहेस की बदक? बाहेर ये!" गल्लीनं ते ऐकलं आणि उचललं. असं हे नाव पडलं, आणि त्यालाही ते आवडलं. कुणी "काय बदक, आज कोरडे?" म्हटलं की हसायचा. हसण्यापुरताच जीव राहिला होता म्हणा ना.

त्या दिवसांत एकदा तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. महिनोन्महिने लाख नाही, त्यामुळे बोटं लख्ख निघाली होती, नखं एखाद्या कारकुनासारखी. "अहो," ती म्हणाली, "आता तुमची बोटं चिकटत नाहीत. तुम्हालाच वळता येईल की."

"तुझ्या हातचं ते तुझ्या हातचं," तो म्हणाला.

तिला बरं वाटलं. नाही कशाला म्हणा, बरंच वाटलं.

मग एक दिवस पाण्याचा आवाज चालू राहिला आणि आतून ओ येईना. दार ढकललं तर तो भिंतीला टेकून पडलेला. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले, हाक मारली तर नुसती मान हलते. अक्काचा पट्टा त्या दिवशी पहिल्यांदा बंद पडला. दोघींनी मिळून त्याला दवाखान्यात नेलं, मोठ्या.

डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. बोलायला मात्र गोड. एका हाताला सुई लावता लावता विचारत होती. "दारू घेतात?"

"नाही."

"तंबाखू? सिगारेट?"

"नाही हो," वेतवाली म्हणाली.

"दुसरं कसलं व्यसन?"

"आमच्या घराण्यात व्यसन नाही!" अक्का ताठ होऊन म्हणाली.

"घरी कुठलं औषध चालू आहे?"

"पाठीसाठी पाला घेतात थोडा," वेतवाली म्हणाली.

"कसला पाला?"

"झाडपाला हो, घरगुती," अक्कानं तिचं बोलणं मध्येच उचललं. "आमच्या आईच्या वेळेपासून आम्ही अशीच औषधं घेतो. ते जाऊ द्या, त्याला वाचवा आधी."

डॉक्टरणीनं मान हलवली. झाडपाल्याचं काहीतरी घेतात, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. आणि बघा, कुणीही खोटं बोललं नव्हतं. वेतवालीनं खरंच सांगितलं, अक्कानंही तिला वाटत होतं तेच सांगितलं. व्यसन म्हणजे दारू पिऊन बायकोला मारणं. पाला म्हणजे पाठीचं औषध. घरात शब्दच तसे लावले होते.

जाताना डॉक्टरीण वेतवालीला बाजूला घेऊन म्हणाली, "शरीरातलं पाणी इतकं गेलं की मूत्रपिंडांवर आलंय. या वेळी सावरतील. पण असं होत राहिलं तर एक दिवस नाही सावरणार. कारण शोधायलाच हवं."

चार दिवसांत तो सावरला. सलाइन, मऊ भात, झोप. दवाखान्यात पाला कुठला मिळणार! पण तेवढं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सगळ्यांनी श्रेय सलाइनला दिलं. घरी आणला. अक्कानं त्याच्या उशीचा अभ्रा बदलला आणि जाहीर केलं की आजपासून आधी बदकाची आंघोळ, मग तिची. वेतवालीनं संध्याकाळी मागची पायरी झाडली, त्याच्या पाठीशी उशी लावली आणि इतक्या दिवसांनी माणूस घरी आला म्हणून अगदी प्रेमानं, सावकाश, सुबक वळून त्याच्या हातात दिलं.

महिना भरायच्या आत तो पुन्हा त्याच खाटेवर होता.

या वेळी तो खाटेवर राहीना. सलाइनचा दांडा ओढत न्हाणीघर गाठायचा. सकाळी डॉक्टरीण आली तर खाट रिकामी. आत पाहिलं तर हा पाण्याखाली बसलेला, सुईचा हात तेवढा बाहेर काढून. त्याला उठवलं तेव्हा पाठ दिसली. लाल, जागोजाग सोललेली. कढत पाण्यानं भाजली होती आणि त्याला पत्ता नव्हता. वेतवालीलाही नव्हता, कारण अलीकडे तो शर्ट घालूनच बाहेर यायचा.

डॉक्टरीण बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिली. मग वेतवालीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसली.

"गरम पाण्यानं उलटी थांबते त्यांची?"

"त्यानंच थांबते. आमच्या वन्सं त्यांना बदक म्हणतात."

डॉक्टरणीला हसू आलं नाही. "एक विचारते, रागावू नका. ते गांजा ओढतात का?"

"छे, छे! गांजा कुठला!" वेतवाली म्हणाली. "नुसता पाला."

आणि ती थांबली. इतक्या वर्षांत हे दोन शब्द तिच्या तोंडून एका दमात कधी निघाले नव्हते. आता निघाले तर तिचे तिलाच ऐकू आले. डॉक्टरीण वाट बघत होती, घाई न करता.

"तोच," ती म्हणाली. "तोच आहे तो. रोज घेतात. खूप वर्षं झाली. मीच वळून देते."

"दिवसातून किती वेळा?"

"जागे असतात तोवर." मग ती एकदम उसळून म्हणाली, "पण डॉक्टर, त्यानंच तर पोट शांत होतं! तो नसता तर हे कधीच गेले असते!"

"असंच वाटतं सगळ्यांना," डॉक्टरीण म्हणाली. "आणि ते अगदीच खोटं नाही. त्यानं मळमळ थांबते, काही रुग्णांना त्यासाठी तसलं औषध देतातसुद्धा. पण वर्षानुवर्षं रोज ओढलं की काहींच्या पोटाचं उलटंच होऊन बसतं. जे उलटी थांबवायचं तेच उलटी आणायला लागतं. माणूस आणखी ओढतो, उलटी आणखी वाढते. आणि आराम कशानं? कढत पाण्यानं. ती खूण आहे. सगळ्यांना होतं असं नाही, का होतं तेही अजून नीट कळलेलं नाही. पण तुमच्या यांना झालंय, असं मला वाटतं."

"मग औषध?"

"बंद करणं हेच औषध. कमी नाही, बंद. सुरुवातीला चिडतील, झोप येणार नाही, घाम फुटेल, जेवण जाणार नाही. आम्ही मदत करू. काही आठवडे गेले की पोट शांत व्हायला लागेल."

"आणि पॉलिश? पॉलिशनं होतं म्हणून आम्ही त्यांचं काम सोडवलं."

"खिडकी उघडी ठेवा, नाकाला फडकं बांधा. पण या उलट्या पॉलिशच्या नाहीत."

डॉक्टरीण गेली. वेतवाली बाकावर बसून राहिली आणि आपल्या बोटांकडे बघत राहिली. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. या माणसाच्या जिवावर उठलेली गोष्ट तिनं इतकी वर्षं निवडून, वेचून, नीट गुंडाळून त्याच्या हातात दिली होती, आणि त्याच्या जीव की प्राण असलेल्या कामाच्या बाटल्या मात्र स्वतः बांधून घराबाहेर काढल्या होत्या.

त्याला सांगितलं तेव्हा तो भडकला. खाटेवर उठून बसायची ताकद नव्हती, पण आवाज चढला. "मला तेवढा एकच आधार आहे, आणि तोच काढून घेतेस? त्या पोरीनं काहीतरी सांगितलं आणि तू ऐकून आलीस?"

"हो, ऐकून आले," ती म्हणाली. "तुम्हीच गेलात तर मी आधार कुणाला वळून देऊ?"

तो भिंतीकडे तोंड करून पडला. पण घरी आल्यावर तिनं उरलेला पाला त्याच्यासमोर मोरीत ओतला, तेव्हा तो अडवायला आला नाही.

पुढचे दिवस कुणावर येऊ नयेत. माणूस सरळ बोलेना. चमचा आपटला, दार आपटलं, अक्कानं आणलेलं सूप जिन्यात ओतलं. झोप नाही, अंथरूण घामानं ओलं. अक्का मात्र हटली नाही. "ओत, ओत. जिना धुवायचाच होता मला," म्हणाली आणि दुसरी वाटी घेऊन आली. दिवस कसाबसा जायचा. संध्याकाळ खायला उठायची. दोघं सवयीनं मागच्या पायरीवर येऊन बसायचे. त्याचे ते स्वच्छ हात मांडीवर पडलेले. तिची बोटं आपोआप चालायची. एकदा तिनं खाली पाहिलं तर वेताच्या सालीचीच सुरळी वळून झाली होती. तिनं ती पटकन मुठीत लपवली. त्यानं पाहिली होती.

उलट्या थांबल्या. तो दोन घास जेवायला लागला. तिला वाटलं, सुटलो.

एका दुपारी ती विणलेली खुर्ची पोचवायला गेली. परत आली तर आतून पाण्याचा आवाज. न्हाणीघरातून वाफ बाहेर येत होती. मागच्या पायरीवर विझलेलं थोटुक, वेडंवाकडं, कागद अर्धा उलगडलेला. तिच्या हातचं नव्हतं ते. त्यानं स्वतः वळलं होतं.

ती न्हाणीघराच्या दारात ओल्या जमिनीवरच बसली. आत तो भिंतीला डोकं टेकून बसला होता, उलटून उलटून पिवळा पडलेला.

"सुताराकडून आणलं," तो म्हणाला. "हात नुसते रिकामे होते गं."

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "रोज वाटते. बाहेरून आले की आधी दाराशी कान लावते, पाण्याचा आवाज येतोय का बघायला. तुम्ही चिडा, आपटा, सूप ओता. पण मला तुम्ही हवे आहात."

त्यानं हात वर करून नळ बंद केला. मग तो म्हणाला, "मलाही वाटते." लग्नाच्या नवऱ्यानं असं सरळ बोलायला न्हाणीघर निवडावं, पण असो, बोलला तरी.

या खेपेला दवाखान्यात जाऊन तो स्वतःच डॉक्टरणीला सगळं सांगून आला. आठवडाभरात पोट पुन्हा ताळ्यावर आलं. आणि मग एका सकाळी वेतवाली उठली तर तो घरात नव्हता. अक्का वरून म्हणाली, "सुताराकडे गेला, तरातरा." वेतवाली दारात येऊन उभी राहिली, हातातला वेत तसाच ओला, पाणी पायावर ठिबकतंय. त्याच्या मागे जावं तर पाय उचलेना, थांबावं तर जीव राहीना.

तो परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही काखांत बाटल्या होत्या. स्पिरिट, लाखदाण्याचा डबा, बोळ्यांची चिंधी. सुतार मागून खालमानेनं उरलेल्या बाटल्या घेऊन येत होता. उंबऱ्याशी थांबून म्हणाला, "वहिनी, मी पुन्हा पुडी द्यायचो नाही. आईशप्पथ."

पॉलिशवाला पुढच्या खोलीत गेला. खिडकी सताड उघडली. नाकाला फडकं बांधलं. तिच्या कोपऱ्यात नुकतीच विणलेली एक खुर्ची होती, ती न विचारता उचलून खिडकीशी घेतली. एरवी तिनं भांडण काढलं असतं. आज तिनं पट्ट्या सरकवून त्याला जागा करून दिली. त्यानं बोळा भिजवला, पिळला आणि लाकडावर पहिला हात दिला. मग दुसरा. दुपारपर्यंत खोलीभर तोच जुना वास. अक्का खाली आली, नाक मुरडून म्हणाली, "आला मेला वास परत," आणि डोळे पुसत वर गेली.

संध्याकाळी काम आटोपल्यावर तिनं सवयीनं स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं हात पुसायला पुढे केलं. त्यानं ते बाजूला सारलं आणि तसाच मागच्या पायरीवर जाऊन बसला. दहाही बोटं लाखेनं भरलेली, नखं तांबूस, बोटाला बोट चिकटतंय.

"अहो, हात?"

"राहू दे." त्यानं पंजे तिच्यासमोर धरले. "हे असे असले की मला कागद धरता येत नाही. आणि तू काही आता वळून देणार नाहीस."

ती त्या हातांकडे बघत राहिली. याच हातांपायी हे सगळं तिच्या बोटांत आलं होतं. तिनं बायका अशा वेळी विचारतात तेच विचारलं.

"आणि चहाचा कप कसा धरणार?"

"ते तू बघ."

ती आत गेली, चहा आणला, त्याच्या शेजारी बसली आणि कप त्याच्या तोंडाशी धरला. त्यानं एक घोट घेतला आणि म्हणाला, "भाजलं." तिनं फुंकर घातली. मग त्यानं सकाळपासूनचं सगळं सांगायला सुरुवात केली. खुर्चीच्या पाठीला कशी उभी रेघ निघाली आणि डाव्या पायाला आधीच्या कुणीतरी कसला भिकार रंग फासला होता ते. जीभ झुरक्याशिवायही सुटत होती. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की ती कधी पाल्यानं सुटत नव्हतीच, ती तिच्या शेजारी बसल्यामुळे सुटायची.

मग रोजचंच झालं. दिवस मावळायला आला की चिकट हात घेऊन तो पायरीवर, आणि ती कप घेऊन शेजारी. हात तो निजतानाच धुवायचा. अक्का वरच्या गच्चीतून बघायची आणि ओरडायची, "या वयात भरवताय काय एकमेकांना! लाज!" टाकीत आता गरम पाणी उरायचं, तर तिला तक्रारीला दुसरं काही सापडत नव्हतं. खोकला ओसरला. खुर्च्यांच्या चारही पायांना सारखे हात मिळायला लागले. नाव मात्र बदकच राहिलं, ते काही पुसलं गेलं नाही.

बरेच दिवस असे गेले. डॉक्टरीणही खूश होती. मूत्रपिंडं ठीक, वजन वाढलेलं, पाठीवरची कातडी नवी आलेली. एका संध्याकाळी वेतवाली कप घेऊन आली आणि त्याचे ते भरलेले हात बघून तिला हसू आलं.

"आता तरी धुवा की हो," ती म्हणाली. "इतके दिवस झाले. आता काय होतंय?"

त्यानं बोटं एकमेकांपासून सोडवली, उलटीसुलटी करून पाहिली. "अजून भीती वाटते," तो म्हणाला.

"मग राहू द्या," ती म्हणाली, आणि चहावर फुंकर घातली.